हिरव्या गाडीची गळकी डमी

अव्वानं अप्पांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. आणि मी, त्यांची एकुलती एक शहाणी लेक, त्या भांडणात कायम अव्वाच्या बाजूनं होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी फार साळसूदपणाचा आव आणला तर वाचणाऱ्यानं मला तिथंच अडवावं.

भांडण एका चांदीच्या डबीचं. आम्ही लिंगायत. पूजेचं इष्टलिंग डबीत, डबी दोऱ्यात आणि दोरा गळ्यात, तो आंघोळीलासुद्धा उतरायचा नाही. अप्पांची डबी त्यांच्या सासऱ्यानं, म्हणजे माझ्या आज्जानं, लग्नात त्यांच्या गळ्यात घातलेली. हुपरीच्या चांदी-कारागिराकडून मुद्दाम करून घेतलेली, मोठ्या लिंबाएवढी, दोन वाट्या एकमेकींवर घट्ट बसणारी. वरच्या वाटीवर बेलाचं पान कोरलेलं. लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसले की मी त्या पानाच्या तिन्ही दलांवरून नख फिरवत बसायची. लग्नानंतर वर्षाच्या आत आज्जा गेला. त्यामुळं अव्वाच्या लेखी ती डबी म्हणजे बापाची शेवटची खूण होती.

अप्पांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे. एका फौंड्रीच्या शेडमागं एक जुनी विलायती मोटार पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. अप्पांनी ती दोरखंडानं ओढत घरी आणली आणि दोन वर्षं खपून चालती केली. रंग बाटलीसारखा हिरवा, पाठ गोल, दारं उलटी उघडणारी. आम्ही तिला हिरवी म्हणायचो. अव्वा सवत म्हणायची, पण तेव्हा हसून म्हणायची आणि रविवारी पुढच्या सीटवर ऐटीत बसायची.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराचा पावसाळा. मी अकरा वर्षांची. गगनबावड्याचा घाट उतरून खाली एका भातगिरणीचं इंजिन बंद पडलं होतं आणि अप्पांना त्याचा पार्ट बसवायला जायचं होतं. मला घाटातलं धुकं बघायचं होतं.

"पोरीला न्यायची न्हाय," अव्वा चुलीपुढनं म्हणाली. "वर दरडी पडाय लागल्यात."

मी भोकाड पसरलं. अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अव्वाच्या पाठीकडं, आणि हळूच म्हणाले, "बस जा गाडीत." अव्वानं आम्हाला जाताना बघितलं नाही, गाडीचा आवाज तेवढा ऐकला.

त्या दिवसाचं मला जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. भातगिरणीत मला थंडी वाजायला लागली. परतताना मी मागच्या सीटवर आडवी होते आणि छताचं कापड वरखाली होत होतं. मग गाडी थांबली. बॉनेट उघडल्याचा आवाज. कढईत पाणी टाकल्यावर येतो तसला चर्रर्र आवाज, बराच वेळ. पाऊस. मग कापड फाटल्याचा आवाज. मग टण, टण, टण. अप्पा माझ्या जेवणाच्या डब्यानं कुठून तरी पाणी आणून ओतत होते, असंही आठवतं. पण त्याच वेळी समोरच्या सीटवर कोंबडी बसलेली मला दिसत होती, त्यामुळं पुढं मी हे सगळं तापातलं स्वप्न म्हणून सोडून दिलं.

जाग आली ती कोल्हापुरात, दवाखान्यात. ताप डोक्यात चढून मला आकडी आली होती. आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. अव्वा हे येईल त्या माणसाला सांगायची आणि वर म्हणायची, "गाडी वाटंत कुटं आडली न्हाय, ही माझ्या बापाची पुण्याई." अप्पा कोपऱ्यात उभे असायचे. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत मलमपट्टी होती. काय झालं विचारलं तर म्हणाले, सायलेन्सर लागला.

चौथ्या दिवशी मला घरी आणलं. संध्याकाळी अप्पा आंघोळ करून पूजेला बसले आणि अव्वानं त्यांच्या गळ्याकडं बघितलं. दोरा होता, पण डबी नव्हती. पांढऱ्या कापडाची एक पुरचुंडी लोंबत होती.

"डबी कुठाय?"

"पडली कुटंतरी."

"आन् लिंग?"

"हे काय, हाय की." अप्पांनी पुरचुंडीला हात लावला.

"डबी पडली आन् लिंग गळ्यात ऱ्हायलं?" अव्वाचा आवाज चढला. "पेरू पडला आन् बी झाडाला ऱ्हायली व्हय? मला काय खुळी समजलाय?"

अप्पांना खोटं धड बोलता यायचं नाही. येत असतं तर दोरा तुटला, लिंग तेवढं हातात आलं आणि डबी ओढ्यात गेली, असं काहीतरी रचलं असतं. त्यांनी डोळे मिटून पूजा केली. पंधरा दिवसांनी हिरवीला चार नवे टायर आले आणि अव्वाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"हुपरीला न्हिऊन मोडली माझ्या बापाची डबी! आन् त्या सवतीला टायर घातलं!" गल्लीनं ऐकलं. "आजपास्नं त्या गाडीत पाय ठेवणार न्हाय."

आणि ठेवला नाही. बोलल्याप्रमाणं वागणारी बाई ती. माहेरी गडहिंग्लजला जायची तर एस.टी.नं, सामानाची बोचकी मांडीवर घेऊन, आणि हिरवी दारात उभी. लग्नाकार्याला अप्पा गाडीतनं, अव्वा रिक्षातनं. अप्पा दुसरी डबी करून घेतो म्हणाले तर म्हणाली, "कशाला? फुडच्या वेळी बॅटरी लागंल." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळाला नव्हता.

मी मात्र त्या गाडीत बसायची आणि अप्पांच्या हाताखाली कामही करायची. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक काळी पडलेली वाटी होती, तिच्यात स्प्लिट पिना ठेवलेल्या. "काळी वाटी दे," म्हणाले की द्यायची. ती वाटी मी शंभर वेळा तरी हातात घेतली असेल.

सतराव्या वर्षी मला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि अप्पांचा जीव होत नव्हता. जोराचं भांडण झालं. ते अंगणात बसून स्पार्क प्लग घासत होते आणि मी दारात उभी राहून ओरडले, "डबी विकून टायर घेणाऱ्या माणसानं मला अक्कल शिकवायची नाही." अप्पांचा हात थांबला. मला वाटलं, आता थोबाडात बसणार. त्यांनी प्लग उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "टायर चांगलं निघालं की पण." मला इतका संताप आला की मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

ते गेले तेव्हा आम्ही आमच्या रीतीनं त्यांना बसवून पुरलं. तळहातावर लिंग द्यायच्या वेळी स्वामींनी गळ्यातलं कापड सोडलं आणि सहज विचारलं, "डबी नव्हती का यांना?" चारपाचशे माणूस होतं. अव्वा पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हुती. त्यांनीच घालिवली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण वाक्य तेच आलं. खड्ड्यात अप्पा बसलेले, डोक्याला विभूती लावलेली, आणि ते वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं. मी तिचा हात धरला होता. तिला थांबवायला तो मी दाबलासुद्धा नाही.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, दोन हजार सातच्या आसपास, मी सुट्टीला पुण्याहून आले आणि हिरवी चालू करून बघितली. चालू झाली, पण खाली लालसर पाण्याचं थारोळं जमायला लागलं. अव्वा म्हणाली, "घाल एकदाची मोडीत." मी उद्यमनगरात नेली. अप्पांच्या शेजारच्या गाळ्यात एक मिस्त्रीकाका होते, आता सत्तरीला टेकलेले, पण जुन्या गाड्यांचं इंजिन अजून कानानं ओळखणारे.

"रेडिएटरात दोन चमचं हळद टाक बाळ," ते म्हणाले. "फुगती आन् भोक धरती. जाईल वरीसभर."

"अप्पा काय म्हणायचे, आठवतं ना?"

ते हसले. अप्पा म्हणायचे, गाडी हाय का आमटी?

मग त्यांनी एक्झॉस्ट उतरवला. इंजिनाचा ब्लॉक ओततात तेव्हा बाजूला गोल भोकं राहतात आणि त्यांवर पत्र्याची फुगीर टोपणं ठोकून बसवतात. आत पाणी खेळत असतं आणि टोपण त्याला अडवून धरतं. पुस्तकात त्याला कोअर प्लग म्हणतात, उद्यमनगरात डमी. एक्झॉस्टच्या मागं, हात जेमतेम पोचेल अशा जागी, एका डमीच्या कडेनं पाणी झिरपत होतं. वरून काळा रंग फासलेला होता.

काकांनी डमीच्या एका कडेवर पंच ठेवून हातोडी मारली. लोखंडी डमी अशा वेळी टणक आवाज करते आणि फिरते. हिचा आवाज दबका आला आणि पंच आत रुतला. "मऊ हाय गं," ते म्हणाले. "शिशाची केल्या का काय कुणी?" मग पक्कडीनं धरून त्यांनी ती ओढली. आतलं तांबडं पाणी भसकन बाहेर आलं. डमी त्यांनी रॉकेलच्या थाळीत टाकली आणि सवयीनं ब्रश मारला.

ब्रश दोनदा फिरला आणि ते थांबले. डमी उचलून उजेडात धरली, अंगठ्यानं घासली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाळ, हे लोखंड न्हाय. पितळ बी न्हाय."

मी पुढं झाले. तळहातावर त्यांनी ठेवलेली ती चकती ओली होती आणि रॉकेलचा वास येत होता. मधोमध घणानं चेपल्यासारखा खोल खड्डा. त्या खड्ड्याच्या भोवती रेषा होत्या. मी नखानं रंग खरवडला. डावीकडचं दल आलं. उजवीकडचं दल आलं. मधलं दल खड्ड्यात गेलं होतं.

गाळ्याच्या दारात टायर पडला होता, त्यावर मी मटकन बसले. काका पाणी आणा म्हणून ओरडत होते आणि मला ते लांबून ऐकू येत होतं. मी त्या पानावर नख फिरवत होते, पुन्हा पुन्हा, आणि माझ्या तोंडून एकच शब्द येत होता, "टायर." काकांना वाटलं मला टायर बोचतोय.

काकांना मी काहीच सांगितलं नव्हतं, पण त्यांनी धातू वाचला. "ही कशाची तरी वाटी हाय. कडा कातरीनं कापल्यात, बघ. एका बाजूला कडी हुती, ती बी कापल्या. आन् हिला बसवलंय व्हील पान्याचं टोक लावून. हा खड्डा त्याचाच. फुगीर बाजू भायेर ठेवून मधी ठोकली की कडा पसरत्यात आन् घट्ट बसती. करणाऱ्याला काम कळत हुतं." मग आणखी जवळ धरून म्हणाले, "पर घाई हुती त्याला. आन् इंजिन गरम हुतं. गार इंजिनावर एवढी चिपकून बसत न्हाय."

उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. कापड फाटल्याचा आवाज. टण, टण, टण. तापात बघितलेली कोंबडी तेवढी खोटी होती, बाकी सगळं खरं होतं. घाटात, दरडींच्या दिवसांत, एकही गाडी येत-जात नसताना, डमी उडाली होती. मागच्या सीटवर माझे डोळे फिरले होते. आणि अप्पांकडं हातोडी होती, पाना होता, कातर होती, फक्त त्या मापाचा फुगीर पत्रा नव्हता. तो त्यांच्या गळ्यात होता.

लिंग काढून, टॉवेल फाडून, कापडात बांधून परत गळ्यात घालायला किती वेळ लागला असेल, ते माहीत नाही. आणि त्या पानावर पहिला घाव घालताना त्यांना काय वाटलं असेल, ह्याचा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. मी त्या माणसाची अक्कल काढली होती.

घरी का सांगितलं नाही? माझा अंदाज असा की, सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं: नको म्हणत असताना पोर घाटात नेली, ती आकडी येऊन पडली, गाडी अडली, आणि लिंगाच्या डबीवर, सासऱ्याच्या डबीवर, हातोडी घातली. विकली म्हणून शिव्या खाणं त्यांना त्यापेक्षा हलकं वाटलं असेल. की अव्वाची ती 'बापाची पुण्याई' त्यांना मोडायची नव्हती? विचारायला आता माणूस नाही.

काकांनी लेथवर पितळेची नवी डमी कातली. भोकाची कड गंजानं खाल्ली होती, ती पॉलिश पेपरनं साफ केली. "चांदी शाबूत हाय," ते मान हलवत म्हणाले. "लोखंडानंच दगा दिला." सोल्यूशन लावून नवी डमी ठोकली, पाणी भरलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. खाली पसरलेला कागद कोरडा राहिला. मजुरी विचारली तर माझ्यावर खेकसले.

अव्वा सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी काही न बोलता ती चकती तिच्या सुपात ठेवली. तिनं ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. पदरानं पुसली. तिची बोटं त्या दलांवर आली आणि थांबली.

"कुटं घावली?"

मी सांगितलं. घाट, डमी, हातोडी, हाताची पट्टी, सगळं. सांगताना मीच रडत होते, ती नाही. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मी भ्याले.

"आन् दुसरी वाटी?" तिनं विचारलं.

मला माहीत नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मी पळत गाडीकडं गेले, डिकीतली पेटी उपसली, काळी वाटी काढली आणि स्प्लिट पिना तिथंच जमिनीवर ओतल्या. कडेला बारीक कडी होती. इतक्या वर्षांत मी कधी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

अव्वानं दोन्ही मांडीवर ठेवल्या. त्या एकमेकींवर बसेनात. एक चपटी झालेली आणि एक तशीच गोल. तिनं दोनदा बसवून बघितल्या.

"एक शबुद," ती म्हणाली. "एक शबुद बोलला असता हा माणूस!" तिनं चपटी वाटी मुठीत इतकी आवळली की कड हातात रुतली. "चारचौघांत बोलले की गं मी. खड्ड्याच्या काठावर हुबं ऱ्हाऊन बोलले."

मी तिच्याजवळ गेले, तर तिनं हातानं लांब केलं. उठून आत गेली. मी दारातनं बघत होते. तिनं ट्रंकेतनं अप्पांचं उपरणं काढलं. दातानं कड धरून एक पट्टी फाडली. तो आवाज मी ओळखला. मग देव्हाऱ्यापुढं बसून तिनं गळ्यातली स्वतःची चांदीची डबी उघडली, लिंग काढून कपाळाला लावलं, पट्टीत गुंडाळलं, गाठ मारली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. डबी देवापुढं ठेवून दिली, त्या दोन वाट्यांशेजारी.

"अव्वा, हे काय?"

"धा वरसं घातलं त्यांनी. मी बगत हुते."

अजून ती कापडातच घालते. मळलं की बदलते, पट्टी मात्र त्याच उपरण्याची. लग्नाकार्यात बायका हटकून विचारतात, इतकी सुरेख डबी होती, कुठं गेली म्हणून. अव्वा पुरचुंडीला हात लावते आणि सांगते, "पडली कुटंतरी."